कातरण

मोंत्रयमधल्या त्या खोलीला खिडकी नव्हती.
एक टेबल, दोन तबकड्या, दुधी काच
आणि माझी कात्री,
सव्वीस वर्षं पुरुषांचे सिनेमे बेतून देणारी.
शिंप्याच्या पोरीला दुसरं काय येणार?
कापड असो की फिल्म,
मापात बसवायचं, शिवण दिसू द्यायची नाही.

पंच्याहत्तरच्या फेब्रुवारीत जीस्लेननं डबे आणले,
दुआर्नेनेच्या बंदरावर भरलेले.
त्यात नटी नव्हती.
मारिव्हॉन होती, कारखान्यात तारल्या डब्यात रचणारी,
वय पन्नास, नवरा समुद्रात गेल्याला सतरा वर्षं.
तिला सांगितलं होतं एवढंच :
सायकल दुरुस्त करून घे.

तर ती उभी आहे, गमबूट, ओला एप्रन.
खाली उकिडवा बसून तो माणूस
चाकातला आरा सरळ करतोय,
मानेवर वंगणाचा काळा ओरखडा,
सदरा पाठीत वर सरकलेला.
आणि ती बघतेय.
लपून नाही, लाजून नाही,
बाजारात मासा बघावा तशी,
डोळा स्वच्छ आहे का, कल्ला लाल आहे का,
पैसे आपल्याच मुठीत असल्यासारखी, सावकाश.
तिची नजर जाईल तिकडे कॅमेरा जातो :
मान, कोपर, पुन्हा मान.
एक्केचाळीस सेकंद.
नऊशे चौऱ्याऐंशी चौकटी,
आणि एकीतही तो वळून म्हणत नाही
की बाई, आता तू दिसून घे.

निर्माते लेस्तिएन आले. टोपी न काढता म्हणाले,
यात घडत काहीच नाही.
न्हातानाचं काही असेल तर लावा.
जीस्लेन म्हणाली, ती या सिनेमात न्हातच नाही.
कामावरून येते, हातांना लिंबू चोळते, जेवते.

मी गप्प.
खरं सांगायचं तर आदल्या रात्रीच मी
सातव्या सेकंदाला कापून टाकलं होतं.
कुणी सांगितलं नव्हतं.
हाताला वळणच तसं :
बाईची नजर कुणावर ठरू लागली
की पातं आपोआप मिटायचं.
किती जणींचं बघणं असं खुडलं
त्याचा हिशेब टेबलाखालच्या टोपलीत,
आणि टोपली दर शनिवारी झाडूवाला न्यायचा.

तो शुक्रवार होता.
टोपली उपडी केली.
चौतीस सेकंद, गुंता झालेले, एका कडेला कॉफीचा डाग.
फुंकर मारली, उजेडाला धरले,
चिकटपट्टीनं परत जोडले.
सांधा दिसतो अजून,
तिथं पडदा जराशी उचकी देतो.
जीस्लेन म्हणाली, राहू दे.

एप्रिलात दुआर्नेने. चर्चशेजारचा हॉल,
दोन पाळ्यांच्या बाया,
केसांना तळल्या मासळीचा वास.
उचकी आली, गेली.
विसाव्या सेकंदाला कुणाचा तरी नवरा खोकला.
तिसाव्याला मागून एक म्हातारी ओरडली,
"अगं, पुढं हो की!"
आणि हॉल असा हसला
की चाकाची टिकटिक कुणाला ऐकूच गेली नाही.
ती मी दोन आठवडे खपून साफ केली होती.

नंतर एका शिकलेल्या पोरानं माइक पुढं केला :
बघताना मनात काय चाललं होतं, मादाम?
मारिव्हॉननं आठवून पाहिलं.
मनात कशाला, म्हणाली, मी बघत होते.
मग विचारलं, सायकलीचे पैसे कुणी दिले?
कारण चाक अजून डगमगतं
आणि गुरुवारी ती पुन्हा जाणार आहे त्याच्याकडं.

परतीच्या रात्रगाडीत समोर एक माणूस
संत्रं सोलत होता.
साल न तुटता, एकच लांब पट्टी,
अंगठ्याच्या पेरावर रस.
माझी मान सवयीनं खिडकीकडं वळली.
बाहेर अंधार,
म्हणून काचेतही तोच,
संत्र्यासकट.